संध्याकाळी उठणारं पुरळ

मंगळवार. बेळगावात, दवाखान्यातच.

अडीच महिने. अडीच महिने मी सांगत होते, माझ्या सात वर्षांच्या सईला रोज संध्याकाळी ताप चढतो आणि पोटावर गुलाबी पुरळ उठतं. खानापुरातून सकाळच्या गाडीनं यायचं, दहाला नंबर लावायचा, तोवर ताप उतरलेला आणि अंग स्वच्छ. तिसऱ्या डॉक्टरांनी तर मोबाईलमधला फोटो बघायलाही हात पुढं केला नाही. म्हणे, "व्हायरल आहे, अक्का. तुम्हीच लई काळजी करताय." संध्याकाळी उठतं म्हटलं होतं ना मी? मग सकाळी काय शोधत होते हे लोक?

आजची डॉक्टरीण नवी. कानडीत एवढंच म्हणाली, "आज गावाकडं जाऊ नका. संध्याकाळपर्यंत इथंच बसा." बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिलो. साडेपाचला पुरळ उठलं. तिनं स्वतः येऊन पाहिलं, गुडघे चाचपले. लहान मुलांना क्वचित होणारा संधिवात वाटतोय म्हणाली, तपासण्या उद्यापासून. आणि या अडीच महिन्यांत गुडघ्यांचं काही बिघडलं असेल तर?

थांबवून घ्यायला काय लागलं? एक बाकडं.

आणि मी तरी. सकाळी ती लंगडायची, तेव्हा "शाळा चुकवायची ढोंगं नकोत" म्हणत मीच तिला चालवत न्यायचे. आत्ता डॉक्टरीण गेल्यावर सई हळूच म्हणाली, "आई, आता सकाळचं पन खरं वाटतंय न्हवं?"