तानाजीचं घड्याळ

प्रिय बिरदेव,

आपल्यासारख्या निवृत्त फौजींची गावाला वर्षातून दोनदा आठवण होते, झेंडा वर चढवायचा असतो तेव्हा. उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस आपल्याला झोप लागते का, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर आपण छाती काढून सांगतो, सगळं एकदम ओके! या खोटेपणाचा मला संताप येतो. त्यात मीच सगळ्यांत पुढे होतो, म्हणून जास्त येतो.

विट्याकडच्या आपल्या तानाजीच्या दहाव्याचा दिवस आठव. येरळा नदीच्या काठी चारशे माणसं, माईक माझ्या हातात. "पाय घसरून विहिरीत पडला," असं मी खणखणीत आवाजात सांगितलं. पट्टीचा पोहणारा तानाजी! खरं काय ते तुलाही ठाऊक होतं, मलाही. सरपंचांनी माझी पाठ थोपटली. त्या वेळी माझ्या मनगटावर तानाजीचंच घड्याळ होतं. मरायच्या आठवडाभर आधी तासगावला माझ्या घरी येऊन तो ते देऊन गेला होता. "ठेव गड्या, मला आता येळ बघून काय करायचंय." मी हसलो आणि चहा सांगितला.

त्यानंतर माझी झोप उडाली, माईक धरायचंही मी टाळू लागलो. माझ्या पोराने, जयराजने मला सांगलीला समुपदेशकाकडे नेलं. दिवाळीत तू माझी खेचलीस, "केरबा, येड्यांच्या डॉक्टरकडं जातूस म्हणं? लय वाचलं की असंच हुतंय!" मीही हसलो, आणि तिथे काय घडतं ते सांगायचं राहूनच गेलं.

साधी खोली, दोन खुर्च्या. संयोगिता मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. मला वाटलं, आपली बाजू मांडायची. चाळीस मिनिटं सलग बोललो, देश, समाज, बिघडलेली तरुण पोरं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "सर, भाषण छान झालं. आता तुमच्याबद्दल सांगा." बिरदेव, मी पुन्हा देशावरच बोलायला लागलो.

उपदेश त्या करत नाहीत. विचारतात आणि थांबतात, त्या थांबण्यातच आपलं आपल्याला ऐकू येतं. तिथलं बोलणं तिथेच राहतं. फक्त जिवाला धोका दिसला तर घरच्यांना सांगावं लागेल, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं. गोळ्या त्या देत नाहीत, झोपेसाठी मला वेगळ्या डॉक्टरांकडे धाडलं. दुसऱ्या खेपेनंतर तर आधीपेक्षा वाईट वाटलं, जखम धुताना झोंबतं तसं. जाणंच सोडणार होतो. चौथ्या खेपेला घड्याळाचं सांगितलं आणि रडलो. झोप अजून धड लागत नाही, पण आता लागत नाही म्हणून सांगता येतं.

परवा तुझ्या घरून चंद्रा वहिनींचा फोन आला. "भावजी, धड जेवत न्हाईत, कुणाशी बोलत न्हाईत. दुपारभर इहिरीच्या काठाव बसत्यात. इचारलं तर म्हणत्यात, गार वाटतंय." माझा फोन तू उचलत नाहीस.

आणि काल फलटणच्या एसटीने तुझं पार्सल आलं. दुर्बीण, पदकं आणि एक चिठ्ठी, "केरबा, तुझ्याकडं नीट राहतील." ती वाचताच माझ्या डोक्यात एक वाक्य आपोआप उभं राहिलं, "जमलेल्या बंधू-भगिनींनो, आपला बिरदेव..." पुढचे शब्द मी अडवले. मला माझीच भीती वाटली. ते भाषण मी करणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. पुन्हा 'पाय घसरला' म्हणणार नाही.

लगेच मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, त्यांना एकटं सोडू नका आणि सरळ विचारा. विचारल्याने कुणाच्या मनात नवं काही शिरत नाही. वहिनींना मी सांगितलंय. आणि तुला विचारतो, बिरदेव, जीव द्यायचं मनात येतंय का? येत असेल तर हो म्हण. मी घाबरून पळणार नाही. पण उत्तर कागदावर नको, तोंडाने दे.

हे पत्र तुझ्या हातात देणारा मोहिद्दीन आमचा बेदाण्याचा व्यापारी आहे. आज त्याच्या गाडीत बेदाणा नाही, जागा तुमच्या दोघांसाठी रिकामी आहे, आणि तुला घेतल्याशिवाय तो परतणार नाही. डॉक्टर आणि मॅडम सांगलीत थांबले आहेत. मी दवाखान्याच्या पायरीवर तुझी दुर्बीण आणि पदकं घेऊन बसलोय. ती मला नकोत. चपला घाल, वहिनींना सोबत घे आणि आत्ता, हे पत्र खाली ठेवलंस की, मोहिद्दीनच्या गाडीत बस.

तुझी वाट बघणारा, तुझाच
केरबा