पाणी ८०% नंतर बंद

३ नोव्हेंबर, सोमवार

लेस्लीने काळं केळं सोलून माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, "खा ना मॅडम. तुमच्याच मशीननं पिकवलंय." खाल्लं नाही. तो बरोबर होता.

कामणला त्याचं गोदाम आहे, तिथे केळी पिकवायच्या थंड खोल्या. खोलीचं तापमान सांभाळणारा कंट्रोलर आमच्या कंपनीचा. तीन नंबरची खोली अठरा अंशांवर हवी होती, ती शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत सातवर चालली. केळ्याला एवढी थंडी सोसत नाही. वरून साल काळी, आत गर टणक आणि कच्चा. क्रेटच्या क्रेट तसे. वास असा की अजून नाकातून जात नाहीये.

शुक्रवारी तिथे शेवटचे गेले होते आमचे टेक्निशियन आत्मारामकाका. परतताना गाडीतच परेशसर म्हणाले (कंपनी त्यांचीच), "म्हाताऱ्यानं सेटिंग हलवलं, आता नाही म्हणतोय. ऑपरेटर एरर. लेस्लीला लेखी कारण पाहिजे. चौदा तारखेपर्यंत रिपोर्ट दे, म्हणजे ह्याला मोकळा करता येईल."

मोकळा म्हणे! उपकारच जणू.

४ नोव्हेंबर

काका टेबलासमोर उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "मॅडम, टेंपरेचरला मी हात पन नाय लावला. नोट तेवढी टाकली, पानी कधी बंद करायचं ती."

त्यांची नोट कंट्रोलरच्या नोंदीत सापडली — pani 80antar band. हवेतला ओलावा ऐंशी टक्के झाला की फवाऱ्याचं पाणी बंद, असं म्हणायचं असणार. रोमन अक्षरांत मराठी, मोबाइलवर लिहितात तसं. आणि तेही चुकीचं. बावीस वर्षं नोकरी आणि चार शब्द धड टाइप होत नाहीत! खरं सांगायचं तर वीट आला मला. अशा माणसाने सेटिंगही बदललं असेल आणि त्याला कळलंही नसेल, असंच वाटलं.

अर्थात ती नोटची चौकट हीसुद्धा एक लाज आहे. मुळात तो आमचा डीबगर — चालत्या प्रोग्रॅमच्या आत डोकवायचं इंजिनिअरचं हत्यार. टेक्निशियनसाठी वेगळा प्रोग्रॅम लिहायचा कंटाळा, म्हणून त्यालाच निळा रंग फासून 'सर्व्हिस स्क्रीन' नाव दिलं. तिथे लिहिलेली ओळ कंट्रोलर ठरलेल्या वेळी स्वतः नोंदीत छापतो. सुरीला फडकं गुंडाळून चमचा म्हणून द्यायची, तशातली गत.

५ नोव्हेंबर

काकांनी आज मोबाइल पुढे केला. बटण दाबण्याआधी ते स्क्रीनचा फोटो काढतात. कुणी शिकवलं नाही, उगाच बोल नको म्हणून. फोटोत ओळ स्वच्छ होती —

pani 80% nantar band

एकही चूक नाही. छापताना मधली तीन अक्षरं गेली. टक्क्याचं चिन्ह, मोकळी जागा, n.

मग काकांना म्हटलं, तुम्ही जा, मी बघते.

सी भाषेतल्या प्रिंटएफ या छापायच्या आज्ञेला दिलेल्या ओळीत टक्का आला की तो टक्का राहत नाही, हुकूम होतो. पुढे d असेल तर आकडा छाप, s असेल तर शब्द छाप. आणि n असेल तर काहीच छापू नको, आतापर्यंत किती अक्षरं छापलीस तो आकडा मेमरीत लिहून ठेव. कुठे, ते आपण सांगायचं असतं. सांगितलं नाही तर हाताला जो पत्ता लागेल तिथे तो लिहून मोकळा होतो. मधली एक मोकळी जागा त्याला खुशाल चालते. शुक्रवारी हाताला लागला तो तापमानाच्या सेटिंगचा पत्ता.

टक्क्याच्या आधीची अक्षरं बोटांवर मोजली. pani ची चार, एक मोकळी जागा, आठ, शून्य.

सात. सात अंश.

म्हणजे त्या माणसाने बरोबर मराठी लिहिलं आणि आमच्या यंत्राने त्याच्या 'नंतर'मधला n खाऊन खोली गारठवली! माणसाने टाइप केलेली ओळ न तपासता प्रिंटएफच्या तोंडात देऊ नये, हे कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकवतात. हे कुणी केलं हे विचारायचीही गरज नाही. चंद्रहास. माझ्या आधी डीबगर तोच बघायचा, दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेला. गोड बोलायचं आणि अर्धं काम टाकून घरी जायचं. त्याची घाण आता मी उपसते आहे.

६ नोव्हेंबर

परेशसरांना सगळं दाखवलं. तीन नंबरसारखाच कंट्रोलर टेबलावर ठेवला, काकांची ओळ टाकली, अठराचे सात झाले. त्यांनी बघितलं. मग विचारतात काय, "पण असं लिहितं कोण? इंग्लिशमध्ये लिहायला काय झालं होतं?"

म्हटलं, सर, चौकट आपण दिली. त्यावर कुठे लिहिलंय इंग्रजीतच लिहा म्हणून?

"हे बघ संपदा. बग तू गुपचूप काढ. रिपोर्टमध्ये ऑपरेटर एरर. मशीनवर शंका आली तर लेस्ली बाकीच्या खोल्यांतून पण आपला माल उपटेल."

आणि काका?

"त्याला मिळेल कुठे तरी काम."

कुठे मिळेल? चोपन्न वर्षांचा माणूस. इथे सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत सगळे युनिटवाले एकमेकांना ओळखतात. 'गिऱ्हाइकाचा माल नासवला' हा शेरा घेऊन हा कुठल्या गेटातून आत जाणार? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि ती चिठ्ठी माझ्या हातून लिहून घ्यायची. मी नाही म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं. केबिनचं दार उघडं होतं, बाहेर सगळ्यांनी ऐकलं.

शिसारी आली त्या माणसाची. वर मला चहा विचारतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

तपासणी लिहायला घेतली. तासाभरात झाली. ओळीत टक्का आणि त्याला लागून n दिसला की ओळ परत. खूश होऊन सुरुचीला टेस्टिंगला दिली. ती शेजारच्या टेबलावर बसते आणि दुसऱ्याच्या चुका काढण्याचा पगार घेते. तिने पहिलीच ओळ काकांची टाकली. अठराचे सात.

"अगं बये, टक्का आणि n च्या मधे जागा आहे ना! तू चिकटलेलेच शोधतेयस."

जी मोकळी जागा मी बुधवारी स्वतः मोजली, तीच विसरले. इतरांना नावं ठेवायला मात्र पुढे.

मग तिला ऊत आला. 90% dab टाकलं, दाबासाठी. त्यातला d गिळून भलताच आकडा छापला. 50% sukat टाकलं, कंट्रोलर बंदच पडला. 70% pani टाकलं तर मेमरीतला पत्ता समोर. सुरुची हसत होती. मला हसू येईना. आमची माणसं रोज टक्के लिहितात आणि टक्क्यापुढे मराठी शब्दच लिहिणार. दोन वर्षं हे सगळं फुटलं नाही हेच नवल.

१० नोव्हेंबर

नव्याने लिहिलं. आता लबाडी नाही. ओळ एकेक अक्षर करत वाचायची. टक्का आला की पुढचं सगळं नीट सोलायचं, मोकळी जागा, आकडे, टिंब, आणि शेवटी हुकमाचं अक्षर. कुठली अक्षरं चालतील याची छोटी यादी. यादीत नाही ते बाहेर. n कधीच नाही. रुंदी ठरवायचं तारा-चिन्ह (*) नाही. शब्द छापायचा तर लांबीला मर्यादा. जितके हुकूम तितक्याच त्यांत भरायच्या किमती आणि त्याच प्रकारच्या, एक कमी असली तरी ओळ परत. हे सगळं पार पडलं तरी माणसाची ओळ प्रिंटएफला द्यायचीच नाही. तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा आपल्या स्वतःच्या साच्यातून छापायचा.

ओळ परत आली तर सूचना मराठीत — 'टक्का लिहायचा असेल तर दोनदा लिहा.' काकांना बोलावून करायला लावलं. त्यांनी दोन टक्के टाकले, ओळ जशीच्या तशी छापली गेली. "आता बरोबर हाय ना मॅडम? माझ्यामुलं काय नाय ना बिघडनार?"

नाही बिघडणार, म्हटलं. आठवड्याभरात पहिल्यांदाच बरं वाटलं.

११ नोव्हेंबर

परेशसरांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. डबा तसाच घरी आणला, आई बोलली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रिपोर्ट उद्या. खरं कारण लिहायचं तर दोष कधी आणि कुणी घातला तेही लिहावं लागणार, म्हणून आज कोडचा जुना इतिहास उघडला. कोणी कुठली ओळ कधी बदलली, सगळं त्यात राहतं. चंद्रहासचं नाव तारखेनिशी टाकायचं आणि परेशसरांच्या पुढ्यात आपटायचं, या आनंदात होते.

चंद्रहासने तपासणी लिहिली होती. अडीच वर्षांपूर्वी. माझ्यासारखीच, अक्षर अक्षर सोलणारी. मोकळ्या जागेचासुद्धा विचार केलेला.

ती काढून टाकली गेल्या वर्षी, सहा फेब्रुवारीला. काढणाऱ्याचं नाव संपदा. खाली शेरा — डेमोत सारखी सूचना येते, तूर्त बंद.

तीनदा वाचलं. आठवलं सगळं. गिऱ्हाईक समोर बसलं होतं, लाल सूचना येत होत्या, परेशसर डोळे वटारत होते. एक ओळ काढली की गप्प झालं. डेमो छान झाला. पगार वाढला त्या महिन्यात.

दहा दिवस मी कुणाकुणाला शिव्या दिल्या, वरची पानं आहेतच. सुरुचीने विचारलं, काय गं, सापडलं का? म्हटलं, इतिहास नीट राहिलेला नाही.

परेशसरांना हे माहीत नाही. त्यांनी विचारलंही नव्हतं.

१४ नोव्हेंबर

आत्मारामकाकांना आज दुपारी काढलं. जाताना टेबलापाशी आले, यावेळी न सांगता बसले. "मॅडम, एवढ्यांमध्ये तुमी एकट्याच माझ्या बाजूनं बोललात. इसरनार नाय."

त्यांच्या हातात रिपोर्टची प्रत होती. त्यात 'ऑपरेटर एरर' आणि खाली माझी सही आहे. रिपोर्ट इंग्रजीत आहे.