अबोली घरी आली

१४ डिसेंबर, रविवार

बुद्धिबळाचा घोडा पुन्हा फसला. कान कोरताना मुंडकंच उडालं. प्यादी झालीत, हत्ती झालेत, उंटही ओळखू येतात. घोडा काही हाताला येत नाही. सागवानाचा तुकडाही संपत आला, म्हणजे आता हेही काम कपाटावर जाणार — अर्ध्या शिकलेल्या बासरीशेजारी.

दुपारी माझी अर्धवट कादंबरी काढली. तिच्यातला माधव सातव्या प्रकरणात येऊन गंगाखेडच्या स्टेशनावर उभा आहे. गाडी येते, तो चढत नाही. का चढत नाही हे मलाच माहीत नाही. कॉलेजात क्लार्क म्हणून रोज लोकांचे अर्ज निकाली काढतो, घरी एक माणूस गाडीत बसवता येत नाही! सुमंगला शाळेचे पेपर तपासायली होती. मान वर न करता म्हणाली, बसवून टाका त्याला एकदाचं.

१५ डिसेंबर, सोमवार

थंडी. ओठ फुटलेत, त्यामुळे बासरी नाही. बरं निमित्त आहे.

१७ डिसेंबर, बुधवार

अबोलीचा फोन नाही. टेस्ट बिघडली की ती फोन करत नाही, एवढं आता कळतं. मागच्या साली नीटला मार्क कमी पडले म्हणून पोरगी यंदा लातूरला रिपीट करतेय. तिचे मार्क तिच्या आधी सुमंगलाच्या मोबाईलवर येतात. मग घरात स्वयंपाकाचे आवाज वाढतात. आज वाढले होते.

अण्णा पालममध्ये कुठंही पूजा सांगायला गेले की यजमानाला प्रसादासोबत हेही देतात — नात डॉक्टर व्हायलीय. वडिलांना एवढंच एक बोलायला असतं, म्हणून मी कधी अडवलं नाही.

कथास्पर्धेची कथा दोन पानांवर थांबलीय. सुरुवात चांगली झालीय. माझ्या सगळ्याच सुरुवाती चांगल्या असतात.

१९ डिसेंबर, शुक्रवार

कॉलेजातून आलो तर अबोली पायरीवर बसलेली. खांद्याला फक्त पर्स. घराला कुलूप होतं तर शेजारी कुसुमबाईंकडं तरी बसायचं. तिथंही गेली नव्हती. कुसुमबाईच बाहेर आल्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरगी लय वाळली हो भाऊ. चहा दिला तर नुसता धरून बसली."

आत आल्यावर विचारलं, सुट्टी आहे का. नाही म्हणाली. मग एवढंच बोलली, "मी आता तिथं जाणार नाही बाबा." रडली नाही, काही नाही. चपला जागेवर ठेवल्या आणि आत जाऊन झोपली.

सुमंगला आल्यावर क्लासला फोन. चार-पाच दिवस ती वर्गात बसलीच नाही म्हणे. मग इतके दिवस आम्हाला कळवलं का नाही, हे विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

२० डिसेंबर, शनिवार

दुपारपर्यंत झोपून होती. उठली, वरणभात थोडा खाल्ला, परत झोपली. अण्णा उशाशी बसून स्तोत्र पुटपुटत होते. त्यांनी तिला काही विचारलं नाही. सकाळी मी दारातून पाहिलं आणि कॉलेजात निघून गेलो.

२२ डिसेंबर, सोमवार

आज झालं शेवटी.

सुमंगला आधी समजुतीनंच बोलत होती. एवढं वर्ष काढलंस, आता उन्हाळ्यापर्यंतच तर आहे. अबोली खाली बघत होती. मग सुमंगलाचा आवाज चढला. लातूर तुला हवं होतं, आम्ही पाठवलं नाही, तूच म्हणाली होतीस, आणखी एकदा बसू द्या. हे खरं आहे. लहानपणी ही बाहुल्यांना सलाईन लावायची, डॉक्टर व्हायचं खूळ तिचंच.

मी काहीतरी बोलायला पाहिजे असं दोघींच्या तोंडावर दिसलं. म्हणून म्हणालो, हातात घेतलेलं काम माणसानं तडीस न्यावं.

अबोलीनं पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडं नाही, कपाटाकडं बघितलं.

"तुम्ही किती नेलीत बाबा? तुम्हाला घरात कुणी काही म्हणत नाही. मी एकच सोडायलेय."

सुमंगला उठून गेली.

वाक्य चांगलं आहे. ऐकल्या ऐकल्या मला वाटलं की कादंबरीत कुठंतरी बसेल, विसरायच्या आत लिहून ठेवावं. लिहूनही ठेवलं. नंतर स्वतःची शिसारी आली, पण कागद फाडला नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

ठरलं. रविवारी मी तिला लातूरला नेऊन सोडायचं. सुमंगलानं क्लासवाल्यांशी बोलून घेतलं. मी हो म्हणालो. नाही म्हणायला काहीतरी पुढचं सुचावं लागतं, ते मला सुचत नाही.

अबोलीला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. वाद नाही, तोंड वाकडं नाही. संध्याकाळी सुमंगला म्हणाली, बघा, मनातून तिलाही जायचंच होतं.

२५ डिसेंबर, गुरुवार

सुट्टी. अबोली माझ्याजवळ ओसरीत उन्हाला बसली. हत्तींना पॉलिश पेपर मारून दिला. मग कादंबरी वाचू का म्हणाली. आजवर घरात कुणी मागितली नव्हती. सातही प्रकरणं एका बैठकीत वाचली. मी घोडा कोरत होतो — म्हणजे लाकूड आणि पटाशी नुसती हातात होती.

वाचून झाल्यावर कागद नीट लावून परत दिले.

"ह्याला घरचं कुणी न्यायला का येत नाही?"

म्हणालो, तो स्टेशनावर उभा आहे हे घरच्यांना माहीतच नाही.

"बरोबर आहे," म्हणाली आणि आत गेली.

२६ डिसेंबर, शुक्रवार

कॉलेजात एकाच्या टीसीवर दुसऱ्याचं नाव लिहिलं. दोनदा.

२७ डिसेंबर, शनिवार

सुमंगला उद्याचे लाडू करायली होती. स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, मी तिला नेणार नाही.

तिनं ऐकूनच घेतलं नाही आधी. मग म्हणाली, "आणि तिनं पुढं काय करायचं?"

"माहीत नाही."

"मग कशाच्या जोरावर सांगायलात?"

जोर कुठला, तो नव्हताच. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, मी तिच्या ठरवलेल्यात मोडता घातल्याचं आठवत नाही. एवढंच म्हणालो की ती बरं म्हणाली ते मला आवडलं नाही. भांडली असती तर नेऊन सोडलं असतं.

सुमंगला लाडवाच्या परातीत हात तसेच ठेवून रडली. म्हणाली, लोक मला म्हणतील आईनंच लाड केले. मी तिथं उभा राहिलो. आधी असं कधी उभा राहिलो नव्हतो, निघून जायचो. बऱ्याच वेळानं तिनं उरलेले लाडू वळायला घेतले, एक माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, तुम्हीच सांगा तिला.

सांगितलं. अबोली परत "बरं"च म्हणाली. पण जेवताना भाकरी दुसऱ्यांदा मागून घेतली.

२८ डिसेंबर, रविवार

अण्णा वास्तुशांतीला गेले होते. सोबतच्या गुरुजींकडून कळलं की यजमानानं नातीची चौकशी केली. अण्णा म्हणाले, घरी आहे ती, आणि पुढची आहुती टाकली.

२९ डिसेंबर, सोमवार

उद्या रजा टाकलीय. लातूरला जाऊन होस्टेलची खोली रिकामी करायची. अबोली म्हणायलीय, राहू द्या बाबा, काय करायचंय ते. मी म्हणालो गादी नवी आहे, रजई नवी आहे, सोडायची कशाला?

३० डिसेंबर, मंगळवार

उद्या तिघं परभणीला डॉक्टरांकडं चाललोत, मनाच्या. अण्णा आत्ता तिच्याजवळ बसलेत. हे आधी लिहून ठेवतो.

खोलीत तिचं काहीच नव्हतं. गादी, टेबललॅम्प, पुस्तकं, कानातलेसुद्धा — सगळं मुलींना वाटून टाकलेलं. निघायच्या आदल्या दिवशी. शेजारच्या कॉटवरची सृष्टी, बोरी गावची, रजईची घडी घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. "मी नको म्हणत होते काका. ती म्हणली, मला आता कशाचीच गरज पडणार नाही. मला वाटलं, घरी चाललीय म्हणून."

रजई तुझ्याकडंच ठेव म्हणालो. गाडीत काय केलं आठवत नाही.

घरी आलो तर दोघी ओसरीत बसलेल्या. सुमंगलासमोरच विचारलं. त्या दिवशी तू घरी यायला निघाली होतीस का?

अबोलीनं मान हलवली. नाही.

"मग?"

"स्टँडवरून चालले होते. गाडीवर पालमची पाटी दिसली," ती म्हणाली. "बसले."