बाईच्या हातातला नारळ

ती. आत्याच्या पायांवर भिवराचं डोकं.

तुझे गुडघे आणि तुझी म्हैस घाटनांदूरला बरी आहेत ना, ते आधी कळव. आम्ही इकडं मजेत आहोत. पालीच्या धरणात पोरं क्रिकेट खेळतात, एवढंच पाणी यंदा कमी आहे.

आता इथली गंमत सांगते. आपल्या पाणी सोसायटीची विहीर रोज दुपारी तळ दाखवायची, आणि चेअरमन विठ्ठलराव म्हणाले, दगडाबाईनं मंत्र घालून पाणी बांधलंय. (दगडाबाई विंचू उतरवते. चेअरमनचाही तिनंच उतरवला होता, पण ते असो.) तिला गावाबाहेर काढायचं ठरलं, आणि खात्री करायला दादांना बोलावलं. तुझ्या भावाच्या तळहातावरचा आडवा नारळ पाण्यावर आला की उभा राहतो, हे तुला काय सांगायचं? विहिरीजवळ तो आडवाच राहिला तर दगडाबाई दोषी, असा चेअरमनचा कायदा.

नारळ आडवाच राहिला. मग तो दादांच्या हातून निसटला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला. आपल्या घरात बाईनं त्याला शिवायचं नाही. शिवली तर पाणी तिच्या मागं लागतं, असं आजी दम देऊन सांगायची. पण दगडाबाईनं बोचकं बांधून वर आपली कोंबडी बसवली होती. ते बघून माझं टाळकं फिरलं, आणि मी नारळ उचलला.

आत्या, तो उभा राहिला. सावकाश, झोपेतून उठल्यासारखा. मग मला ओढत निघाला. तळपायाखाली, जमिनीत, कुणीतरी गुणगुणत होतं. भर उन्हात माझे दात वाजत होते. पाय थांबवायला गेले तर ते माझं ऐकेनात. बद्रीनाथच्या अंगणातल्या कुरडया तुडवत (त्याची बायको अजून बोलत नाही), गोठ्यातून, म्हशीच्या पोटाखालून सरळ रेषेत, आणि मागं सगळं गाव. थांबले ती विठ्ठलरावांच्या उसातल्या विहिरीवर. (शिवारात तेवढाच ऊस हिरवा होता, आणि आम्ही सगळे त्याला देवाची कृपा म्हणत होतो.) मागून आलेल्यांतला म्हाळू विहिरीत उतरला आणि तिथूनच ओरडला, "आरं, हितं आडवं बोअर मारलंय! आपल्याच हिरीकडं गेलंय की!"

बोअर बुजवलं, विहीर भरली. दगडाबाईनं बोचकं सोडायला घेतलं, पण कोंबडी काही केल्या उठेना. बाकी सगळं ठीक.

तुझी भिवरा

ता. क. दादांना एवढंच वाचून दाखवलं. पुढचं त्यांच्यामागं लिहितेय. आम्ही मजेत नाही. मी विहिरीवर गेले की बाया लेकरांना पदराखाली घेतात. सोमवारी पुन्हा सभा आहे आणि या वेळी मला गावाबाहेर काढायचा विषय आहे. विठ्ठलराव म्हणतात, बोअरचा गुन्हा वेगळा आणि बाईनं नारळ उचलला तो वेगळा. गावाला ते पटलंय! दादा खाली बघून बसतात. मला लई भीती वाटते, आत्या.

आणखी एक. दगडाबाई माझ्या बाजूनं बोलणार आहे, पण तिचं कोण ऐकतं? काल तिनं माझ्या कानात सांगितलं, "तुझ्या आत्याच्या हातात बी उभा ऱ्हायचा. म्हून तर घाईनं उजवून घाटनांदूरला धाडली तिला." खरं असेल तर सोमवारी ये आणि सगळ्यांदेखत माझ्या शेजारी हात पुढं कर. नारळ आणू नकोस. आपला देव्हाऱ्यात आहे. त्या दिवसापासून तो उभाच आहे, आणि आज सकाळी त्यानं डोळे घाटनांदूरकडं फिरवलेत.