कोटाच्या खांद्यातल्या गोळ्या

ती. वन्सं,

पाया पडते (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात). तुमचे गुडघे बरे असतील असं धरून चालते. नसले तरी तुम्ही मला सांगणार नाही, सगळ्या गल्लीला सांगाल.

तुमच्या भावाच्या क्षयाचं सांगायचं तर बँकेतल्या साहेबाच्या कोटापासून सांगायला हवं. कोट ह्यांनी शिवला, मी इस्त्री करत होते. खांद्यावर इस्त्री टेकवली आणि आतून लाल डाग वर आला. मला वाटलं, मेलं ह्यांनी गिऱ्हाइकाच्या कोटावर रक्त ओकलं! उसवून बघते तर खांद्याच्या गादीत दवाखान्याच्या तपकिरी गोळ्या, ओळीने टाचलेल्या, इस्त्रीच्या उष्णतेने आतला लाल रंग सुटलेल्या. (टाके मात्र काय सुबक! घरची उशी फाटली की ह्यांना वर्षभर दोरा सापडत नाही.) रोज माझ्यादेखत गोळी तोंडात टाकायची, गालात धरायची, आणि माझी पाठ फिरली की कोटात. विचारलं तर म्हणतात, "ताई म्हणाली, काळा पडलास."

फोनवर तोंड बघून तुम्हीच म्हणालात ना? पडतं त्या गोळीने माणूस काळं. पण गोरेपणाचं काय लोणचं घालायचंय?

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. जंतूच्या कातडीत त्याचं श्वासाचं यंत्र रुतलेलं असतं. जंतू जे खातो त्यातून ठिणगी निघते, ती हातोहात पुढे सरकत हवेला मिळते, त्या जोरावर कातडीतलं चाक फिरतं, दांडा फिरतो आणि यंत्राच्या आतल्या डोक्यात जंतूची ताकद तयार होते. मी म्हटलं, ही तर आमची शिलाई मशीन! ह्यांना दिलेल्या दोन गोळ्यांपैकी पांढरी चाकात अडकून बसते, तपकिरी वाटेतच ठिणगी पळवते. दोघी मिळून त्याचा जीव घेतात. पण एकटी पांढरी दिली, तर मेला चाकाचा आकारच जरासा बदलतो. मग गोळी अडकतच नाही.

तेच झालं. नव्या तपासणीत ह्यांच्या जंतूचं चाक बदललेलं निघालं. पांढरी गोळी वाया गेली, तिच्या जागी दुसरं औषध शोधताहेत. मिळेल तेव्हा मिळेल. साहेबाने आमच्याकडचा खोकला ऐकूनच कोट सोडला. आता तो डागाचा कोट घालून हे दारात बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कापड चांगलं आहे म्हणून सांगतात.

तुमची,
भावजय

ता. क. ह्यांना फोन करून सांगा की काळा रंग शोभतो, म्हणजे तपकिरी तरी गिळतील. खोटं बोलताना तुम्हाला कधी जड गेलेलं नाही.

आणखी ता. क. फोन राहू द्या, स्वतःच या. माझ्याही थुंकीत तोच जंतू निघाला, बदललेल्या चाकाचा. हे आत खोकतात, मी बाहेर. लेकीची छाती स्वच्छ आली आहे. तिला तुमच्याकडे घेऊन जा. माझ्या थुंकीचं ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही. पोरगी तोंडाळ आहे, माझ्यावर गेली आहे. तुम्हाला उलट बोलेल. बोलू द्या, वन्सं. तिला दम पुरतो आहे.