पद कोणाचं

इतवारी, नागपूर
१२ डिसेंबर १९३५

प्रिय जिजाक्का,

हे पत्र हाती पडेल तेव्हा घरात कोणी असेल तर मिटून ठेव आणि एकटी असताना वाच. तू चौथीपर्यंत शिकलीस हे बरं झालं; दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुला हे ऐकवायची माझी छाती झाली नसती. बावीस वर्षांत तुझ्या या भावाने तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहायला बसलोय.

आधी इकडची खबर सांगतो. आमच्या नाटक मंडळीचा मी आता तालीममास्तर आहे. नाटक बसवायचं, पदांना चाली लावायच्या, कोणी कुठे उभं राहायचं ते सांगायचं, हे माझं काम. पण शहरात बोलपट आल्यापासून संगीत नाटकाला माणूस फिरकेना. आमचे मालक वामनराव भला माणूस, तरी दसऱ्याला त्यांनी सांगून टाकलं, "मास्तर, हे एक नाटक पाहून घेऊ. नाही चाललं तं थेटर बोलपटवाल्याले देऊन टाकतो." मंडळीतली सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या दिवसापासून मला धड जेवण गेलेलं नाही.

लोक गाण्याला विटलेत असं मला कधीच वाटलं नाही. बाण लागून पडलेला राजा उठून तीनदा तेच पद म्हणतो, त्याला ते विटले होते. म्हणून राजवाड्याचा पडदा मी गुंडाळून ठेवला आणि मिरची तोडणाऱ्या बायांचं नाटक लिहिलं. बोलून भागतंय तोवर कोणी गायचं नाही, आणि गायचं ते हातातलं काम न थांबवता, असा नियम केला. लुगडं नेसलेला पुरुष नको, म्हणून आमच्या पेटीवाल्याच्या मुलीला, प्रेमिलाला, नायिका केलं. त्यावरून धमकीच्या दोन चिठ्ठ्या आल्या. भिवापूरहून पोतंभर मिरच्या आणून रंगभूमीवर पसरल्या. खाटेवर झोपून छताकडे बघत मी हे नाटक इतक्यांदा पाहिलंय की सगळं जागच्या जागी दिसायचं. फक्त तिसऱ्या अंकात, एकट्या पडलेल्या नायिकेच्या तोंडी काय द्यायचं, ते सुचेना. अकरा पदं लिहिली, अकराही फाडली. शेवटी तिला जे पद दिलं, ते तुला ठाऊक आहे.

मंगळवारी दुपारी तालीम बघायला पन्नासेक माणसं बोलावली. गांधीबागेतले कापडवाले होते, गिरणीतल्या बाया होत्या. पहिली रांग मिरचीने ठसकत होती, पण उठलं कोणी नाही. मग प्रेमिला गायली, ताना नाहीत, पेटी नाही, नुसता गळा:

मिरची सुकते उन्हात, पानी डोळ्याले काहून वं,
माय इचारे दारात, सांगू तिले काय म्हून वं.

सगळं थेटर गप्प झालं. हेच मला हवं होतं, अक्का, याचसाठी मी जिवाचं रान केलं होतं. तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. आपल्या भिवापूरच्या घराशेजारची रंभाबाई! हल्ली मुलाकडे राहते म्हणे. "थांब वं पोरी," ती ओरडली, "हे तं जिजीचं गानं व्हय! आमच्या बांधावर गाये थे. काहून गा इश्वनाथ, जिजीले इचारलं का?" वामनराव माझ्याकडे वळले. "मास्तर, पद कोनाचं हाय?" पन्नास माणसं माझ्या उत्तराची वाट पाहत होती. आणि मी पुन्हा खरं सांगितलं नाही.

पुन्हा म्हणतोय, कारण पहिल्यांदा जे घडलं ते तुझ्याच अंगणात. आमची मंडळी तुझ्या सासरी, कुहीला, आली होती. मी वीस वर्षांचा, नवा नट. तू रचलेल्या त्या पदावर ताना-पलट्यांचे दागिने चढवून मी ते राजपुत्राच्या वेषात गायलो, आणि बायांच्या बाजूला बसून तू हौसेने म्हणालीस की हे माझं गाणं आहे. दुसऱ्या दिवशी मी जेवायला आलो तेव्हा तुझ्या सासूने सगळ्यांदेखत मला विचारलं. शेजारी मंडळीचे तेव्हाचे मालक बसले होते, त्यांना मी पद माझंच म्हणून सांगितलेलं. मी म्हणालो, "पद माझंच आहे." सासू तुला खोटारडी म्हणाली. तू माझ्या पानात भात वाढत होतीस. हात थांबला नाही तुझा, पण त्यानंतर तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. परवा रंभाबाई जाताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "जिजी आता जात्यावर बी गात नाही."

काल वामनरावांना सगळं खरं सांगितलं.  ते म्हणाले, "जाहिरातीत तिचं नाव टाकू. पन तिच्या घरी काय होईन, थे पाह्यलं का तुमी?"  थेटर जाईल ही भीती आता लहान वाटते. एकदा खोटं बोललो आणि तुझं वाटोळं केलं. आता खरं बोललो तर काय होईल, कळत नाही.

तरी मी रविवारी सकाळी कुहीला येतोय, आणि हे तुला आधी कळावं म्हणूनच हे पत्र. तुझी सासू आज नाही, पण भाऊजी आहेत, तुझी मुलं-सुना आहेत. त्यांच्यासमोर सांगणार आहे की जिजी खरं बोलली होती, खोटं मी बोललो. पद नाटकात ठेवायचं की काढायचं, ते तू सांगशील तसं. काढ म्हणालीस तर त्याच दिवशी काढीन, मग थेटरचं काहीही होवो. मला घरात बोलावू नकोस, पाणी विचारू नकोस. मी अंगणातूनच बोलेन. मला धास्ती एकाच गोष्टीची आहे, की मला पाहून तू आत निघून जाशील. तेवढं करू नकोस, अक्का. माझं बोलणं संपेपर्यंत दाराशी उभी राहा.

इतक्या वर्षांनी तुझाच म्हणवून घ्यायला भिणारा,
विश्वनाथ