गोधडीखालचा भात

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
१२ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,

श्रीरामचा साष्टांग नमस्कार. त्यातलं कपाळ सध्या दुखरं आहे. कारण पुढे येईलच. तीन वर्षांनी पत्र, तेही कागदावर, म्हणून घाबरू नकोस. कोणी आजारी नाही. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मी हवापाण्यावर बोलून ठेवून दिला असता.

बातमी अशी की नकुलचं लग्न ठरलं. मुलगी युना, त्याच्या ऑफिसातली. जन्म इथला, आईवडील कोरियाचे. तिच्या आजींना भेटायला आम्ही गेल्या महिन्यात कोरियाला जाऊन आलो. त्यांनी आमची सोय एका जतन केलेल्या जुन्या गावात केली होती. मातीच्या भिंती, काळी कौलं, खिडक्यांना काचेऐवजी कागद. माणसं अजून तिथे राहतात, आणि प्रवासी त्यांच्या अंगणातल्या वाळवणाचे फोटो काढतात. सीमाने एका मिरच्या वाळवणाऱ्या बाईंशी अर्धा तास गप्पा मारल्या. कोणत्या भाषेत, ते त्या दोघींनाच ठाऊक.

दारं मात्र बुटकी. नकुल मागून "बाबा, वॉच युअर हेड" म्हणाला, तेव्हा मी युनाच्या वडिलांना आपल्याकडचं वास्तुशास्त्र समजावत होतो. चौकट कपाळात बसली. जन्मभर शिकलेल्या संस्कृतातला एक शब्द त्या वेळी कामी आला नाही. तोंडून निघाला तो आपल्या आळीतला, पत्रात लिहिण्याजोगा नव्हे.

त्या घरांची जमीन खालून तापवतात. बाहेर चूल पेटवायची, धग दगडी फरशीखालून फिरते. चुलीलगतची जागा सर्वांत उबदार, म्हणून ती घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची. तिथे आजी बसल्या. वय शहाऐंशी, नवरा जाऊन चाळीस वर्षं झालेली. मुलांनी जमिनीला कपाळ टेकून नमस्कार केला, मग आम्ही. पहिला आशीर्वाद आजींचाच. त्यांनी तो द्यावा की नाही, असा प्रश्न तिथे कुणाला पडलेला दिसला नाही.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात मोठं कोण?" युना भाषांतर करत होती.

"माझी बहीण."

"मग त्या का नाही आल्या?"

मी म्हणालो, गुडघे दुखतात. तुझे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत, हे मला माहीत आहे. सीमाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आपला पायमोजा नीट करायला घेतला.

जेवताना आजी सांगत होत्या, पूर्वी घरातलं कुणी यायचं राहिलं असेल, तर त्याच्या भाताची झाकलेली वाटी त्या उबदार जागेवर गोधडीखाली ठेवत. माणूस केव्हाही येवो, भात गरम. एवढं बोलून त्यांनी खरोखरच एक वाटी भरली आणि गोधडीखाली सरकवली. म्हणाल्या, "यांच्या बहिणीची." तुझं सांता क्लारा तिथून किती लांब आहे, ते त्यांना कुणी सांगितलं नाही. सकाळी तो भात मी खाल्ला. अजून कोमट होता.

ताई, आमच्या इलाच्या लग्नात तू औक्षणाचं तबक घेऊन उभी होतीस. भाऊजींना जाऊन आठ महिने झाले होते. भटजी म्हणाले, "सवाष्णींनी पुढे यावं." तू माझ्याकडे पाहिलंस. त्यांना गप्प करायला माझ्याकडे शास्त्रातली दहा वचनं होती. एरवी मी चहातल्या साखरेवरही वचन काढतो. तेव्हा मात्र तबक तुझ्या हातातून घेतलं आणि सीमाच्या बहिणीला, नीनाला दिलं. भटजींवर ढकलायची सोय आहे. पण ते हात माझे होते.

नकुलचं लग्न २ मे रोजी. त्याचं आणि युनाचं औक्षण तू करायचंस. तुझं नाव सांगितल्यावर भटजी यंदाही अडखळले, तेव्हा दहाच्या दहा वचनं त्यांना ऐकवली. तीन वर्षं उशिरा. तू नाही म्हणालीस तर तो तुझा अधिकार. मग औक्षण कुणीच करणार नाही. नीनालाही तसं सांगितलं आहे. ती म्हणाली, "हे तेव्हाच सांगायचं होतं."

तबक चिंचेने घासून ठेवलं आहे.

चौकटीने का होईना, वाकलेला
तुझा धाकटा
श्रीराम